मॅडमचं पोळं

"समजा," असं म्हणून त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, की आमचे हे हळूच बागेतून सटकायचे. आता तास दीड तास सुटका नाही, हे त्यांना ठाऊक असायचं.

या मॅडम सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. फुलावर कुठली मधमाशी कुठल्या मधमाशीला हुसकावते आणि त्यानं फळधारणेचं काय होतं, याचं गणित मांडायला त्या आटपाडीजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत यायच्या. तुम्हीच सांगा, माश्यांचं गणित मांडायला कोणी एसटीनं एवढ्या लांब येतं का? त्यातून बाईंना माशीची भीती! डोक्याला ओढणी गुंडाळून स्टुलावर अंग चोरून बसायच्या. माशी जवळ आली की डोळे मिटायच्या आणि मलाच विचारायच्या, "कुठल्या झाडावर गेली हो?" मला हसू आवरायचं नाही.

आमच्याकडं बहार धरला की सातेरी माश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात. त्याआधी बांधावरच्या रानटी फुलोरी माश्यांना धूर करून उठवतात. फुलोरी पेटीतल्या माशीला टिकू देत नाही, असा सगळ्यांचाच समज. आदल्या वर्षी आम्हीही धूर केला होता, तरी सेटिंग झालं नाही, फुलं गळली, फळ धरलंच नाही. याही वर्षी गेलं तर बाग काढायची, असं ह्यांनी ठरवलं होतं. झाडं मी माझ्या हातानं लावलेली. जीव तुटत होता.

धुरासाठी शेणी पेटवल्या आणि मॅडम लॅपटॉप घेऊन आडव्या आल्या. "समजा, फुलोरीला राहू दिलं." हुसकावलेली सातेरी एकाच झाडावर रेंगाळत नाही, पुढच्या ओळीत जाते, पराग लांब पोचतात, असं त्यांचं गणित सांगत होतं. बाजारात गर्दी झाली की आपण पुढच्या दुकानात जातो, तसंच.

"आवं, पन गणित चुकलं तर?" ह्यांनी विचारलं.

"तर माझा कागद जाईल. तुमची बाग जाईल. म्हणून तुम्ही ठरवा."

असं तोंडावर कोणी सांगतं का? पण त्या खरेपणावरच माझा विश्वास बसला. शेणींवर मीच पाणी ओतलं.

त्या बहाराला फांद्यांना टेकू द्यावे लागले. बागेत उभं राहून हे रडले. मी मधाची बाटली घेऊन सांगलीला गेले, तर मॅडम संकोचल्या. "आमच्यात मध चालत नाही हो." जैनांचं घर, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मधाचा थेंब न चाखलेली बाई माश्यांपायी उन्हात बसत होती.

"मग तुम्हाला देऊ तरी काय?" मी विचारलं.

"समजा, दिलं," म्हणाल्या आणि हसल्या.

गेल्या वर्षी मॅडम आजारानं वारल्या. बाग उभी आहे ती त्यांच्यामुळं, हे मी येईल त्याला सांगते. यंदा बांधावर फुलोरीचं पोळं चांगलं भरलंय. परवा मध काढणारा विचारत आला. मी काही बोलायच्या आत हेच पुढं झाले.

"त्येला हात लावायचा न्हाई. मॅडमचं हाय ते."