चार नंबरचा श्वास

गाद्यांच्या कारखान्यात चार नंबरच्या पिंजण यंत्रावर मावशीने वीस वर्षं काढली. आता दोन पायऱ्या चढल्या की तिला भिंत धरावी लागे, म्हणून मालकाने हातात झाडू दिला. तिच्या जागी धाकटी जाऊ बसली. तिनेही वर्षभरात खोकून खोकून अंथरूण धरलं. आठ दिवसांपासून तिथे मावशीची लेक बसत होती. "विद्यापीठवाल्यांचा निकाल लागू दे. कापसाची धूळ वाईट म्हणाले तर घरी यायचं," एवढंच मावशीने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

ही विद्यापीठाची मंडळी बायांचा श्वास मोजायला दरवर्षी एकदा उगवत. "तुम्ही आमच्या सहसंशोधक," असं मोठे सर म्हणत. सहसंशोधकांनी करायचं काय, तर नळीत फुंकायचं आणि गप्प बसायचं. गोपनीयता म्हणून नाव लिहायचं नाही, यंत्राचा नंबर लिहायचा. जेवढे शिकले तेवढे हुकले!

आज सरांनी यंत्रांसमोरच पडदा लावून रेघ दाखवली. रेघ वर चढलेली.

"तीन वर्षांत श्वासाची ताकद वाढलीय! चार नंबर बघा. आधी निम्मी होती, आता ठणठणीत. धुळीची भीती नको."

मालकाने टाळ्या वाजवल्या. लेक आईकडे बघून हसली. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडू टाकून ती उभी राहिली.

"अहो दीडशहाणे, पहिल्या वर्षी चार नंबर मी होते. दुसऱ्या वर्षी माझी जाऊ. यंदा माझ्या लेकीने फुंकलं. बाई बदलली की तुमची रेघ चढते. एकदा तरी तोंडाकडे बघितलंत का?"

सरांनी चष्मा पुसला. "फार मोलाचा अनुभव आहे, मावशी. अहवालाच्या शेवटी जोडू."

"जोडा, आणि त्याच अहवालाने वारा घ्या!"

लेकीचं मनगट धरून मावशीने तिला यंत्रावरून उठवलं. लेक कुरकुरली, पण उठली. धापा टाकत मावशी दारापर्यंत पोचली तोवर मालकाने कामासाठी रांगेत उभी असलेली नवी बाई चार नंबरवर बसवलीसुद्धा. सरांच्या मदतनिसाने पुढच्या नोंदीसाठी तिच्यापुढे नळी धरली.

"नाव नको, नंबर सांगा."

"चार."

त्याने लिहून घेतलं. मावशी उंबऱ्याबाहेर थुंकली आणि लेकीला म्हणाली, "चल."