पोचलं

ज्ञानेश पिंगळेला पुण्याच्या मोठ्या कंपनीनं घेतलं तेव्हा नाशिकजवळच्या मखमलाबादेत पेढे वाटले गेले. वाटणारच हो! सात वर्षं पोरगा वरच्या खोलीत एकटाच कॉम्प्युटरपुढे बसून करतो तरी काय, हे भावकीला सांगताना आईची पंचाईत व्हायची. आता सांगायला कंपनीचं नाव मिळालं.

खरं तर सांगण्यासारखं आधीच होतं, पण कळणार कुणाला? ज्ञानेशनं एकट्यानं 'जुडी' नावाचं ॲप बनवलं होतं. नाशकात पालेभाज्यांचा लिलाव संध्याकाळी होतो. त्याची आई चंद्रभागाबाई मळ्यातली मेथी-कोथिंबीर घेऊन मार्केटात जायच्या, आणि लिलाव उरकला की फोन तोंडाशी धरून बोलायच्या, "बायांनो, आज कोथिंबिरीला शंभर जुड्यांना हजार भेटला. मेथीला कुत्रं विचारीना, उद्या उपटू नका." गावोगावच्या बायका, त्यातही ज्यांना वाचता येत नाही अशा, स्वयंपाक करता करता हे ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी काय उपटायचं ते ठरवायच्या. बोलून झालं की चंद्रभागाबाईंच्या फोनवर हिरव्या अक्षरांत 'पोचलं' असं उमटायचं. तेवढा एक शब्द त्या वाचायला शिकल्या होत्या.

कंपनीनं ज्ञानेशला घेतलं ते ॲपसकट. सही करताना गड्यानं पगाराचा आकडा तीनदा वाचला आणि 'तुम्ही बनवलेलं सगळं आमचं' हे पान नुसतं उलटलं. आईनं एकच विचारलं होतं, "माझा आवाज ऱ्हाईल ना रे त्याच्यात?"

"राहील की! उलट आता साऱ्या महाराष्ट्रात ऐकू येईल."

बोलायला काय जातंय!

आठ महिन्यांनी त्याचे साहेब, रोहित सर, वयानं त्याच्याहून सहा वर्षं लहान, स्क्रीनवरून हसत म्हणाले, "ज्ञानेश, साडेतीन हजार बायकांसाठी हे चालवणं कंपनीला परवडत नाही. बंद करून टाक. कोड तुलाच माहितीये ना?" म्हणजे ज्यानं जन्माला घातलं त्यानंच गळा दाबायचा. "सर, माझी आई..." एवढं त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. सात वर्षं एकट्यानं झगडून तो दमला होता. त्या वरच्या खोलीत परत जाऊन बसायची त्याची छाती होईना. त्यानं 'जुडी' बंद केलं.

आईला सांगायला मात्र तोंड होईना. मग ह्या शहाण्यानं काय करावं? रविवारी घरी बसून फक्त आईच्या फोनसाठी कोडच्या चार ओळी लिहिल्या. आई काहीही बोलली, तरी तिच्या फोनवर 'पोचलं' उमटणार. आवाज कुठंच जाणार नाही. दीड महिना चंद्रभागाबाई रोज लिलाव संपला की फोनमध्ये बोलत राहिल्या आणि हा मूग गिळून बसला. मार्केटातल्या बायका हल्ली आपल्याशी तुटक वागतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पोराची नोकरी डोळ्यात खुपतेय, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

आणि एका रविवारी ज्ञानेश नव्या गाडीतून आईला घेऊन मार्केटात गेला. कोथिंबीर त्या दिवशी अक्षरशः पायाखाली होती. गिरणारे गावच्या नवसाबाई आपल्या न विकलेल्या ढिगापाशी डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"अगं नवसाबाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "काल सांगितलं व्हतं ना, कोथिंबीर उपटू नका, गाड्या लय येणारेत म्हणून?"

"कोणाला सांगितलं?" नवसाबाई भडकल्या. "दीड महिना झाला तुझ्या तोंडाला कुलूप हाय! पोरगा सायेब झाला, आता आम्ही कशाला आठवू तुला? सगळे वाफे उपटून आणले मी. बघ, बघ ही माती!"

चंद्रभागाबाईही पेटल्या. "येक दिवस चुकले नाय मी! हे बघ, लिवलेलं हाय!" त्यांनी फोन पुढं धरला. पण नवसाबाईंना कुठलं वाचता येतंय? मग त्यांनी फोन लेकाच्या हातात कोंबला. "वाच रे ज्ञाना. हिला मोठ्यानं वाचून दाखव."

ज्ञानेशनं फोनकडं बघितलंच नाही. मान खाली घालून म्हणाला, "आई, ते बंद झालंय. कंपनीनं बंद केलं. दीड महिना झाला."

चंद्रभागाबाईंनी त्याच्या हातातल्या फोनवरच्या हिरव्या अक्षरांकडं बघितलं.

"कंपनीनं बंद केलं, समजलं," त्या म्हणाल्या. "मग हे 'पोचलं' रोज कोण लिवत व्हतं? तेबी कंपनीच?"

"नाही आई. ते मी लिहिलं. घरी बसून."

"म्हंजी तेवढं तरी तुझं येकट्याचं हाय."

फोन त्याच्याच हातात ठेवून त्या वळल्या, नवसाबाईंना हात देऊन उठवलं आणि त्यांच्याच टेम्पोत बसून घरी गेल्या.