सोनकांबळे मॅडम आणि माझ्या वडिलांचा दुसरा रिपोर्ट

डॉ. विशाखा सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट नांदेडला त्यांच्या लॅबमध्ये झाली. मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. बाबांच्या मेंदूतली गाठ आठ दिवसांपूर्वी काढली होती आणि तिच्या तपासणीचा रिपोर्ट न्यायला आई आणि मी उमरीहून आलो होतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, वय एक्केचाळीस. रिपोर्टवर ‘चौथ्या दर्जाची गाठ’ असं लिहिलं होतं. आम्हाला काही उमगेना, तेव्हा मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी आईला आत नेऊन बसवलं आणि ही गाठ फार वेगानं वाढते, हे समजावून सांगितलं.

आईनं विचारलं, “बाई, खरं सांगा. किती दिस हाय माणूस?”

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, “एखादं वर्ष धरून चला.”

बाबांनी ते वर्ष धरलं. आपल्या डोळ्यांदेखत मुलीचं व्हावं म्हणून रेडिएशन चालू असतानाच त्यांनी माझं लग्न लावून दिलं. नवरा लातूरचा, स्वभावानं भला निघाला. पण माझा बी.एस्सी.चा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. लातूरला माहेरचा फोन वाजला की मी तो नवऱ्याला उचलायला लावायचे. एक वर्ष सरलं, दुसरं सरलं, बाबा पुन्हा शाळेत जाऊ लागले, तरी आनंद करायचीसुद्धा आम्हाला भीती वाटायची.

चौथ्या वर्षी बदलीच्या अर्जाला जुन्या रिपोर्टची प्रत लागली, म्हणून बाबा मॅडमच्या लॅबमध्ये गेले. मॅडमनी विचारलं, “पेशंट तुमचे कोण?”

“पेशंट मीच हाय, मॅडम.”

मॅडमच्या चेहऱ्याचा रंगच उतरला, असं बाबा सांगतात. ‘तुमचं नशीब’ म्हणून प्रत हातात देता आली असती. मॅडमनी तसं केलं नाही. बाबांची संमती घेऊन त्यांनी मेणात जपलेला गाठीचा जुना तुकडा शोधून काढला आणि जनुकांच्या तपासणीसाठी हैदराबादला पाठवला. पहिल्या वेळी आमच्याकडे ही तपासणी होत नव्हती. निकाल आला, तेव्हा गाठीच्या आयडीएच नावाच्या जनुकात बदल सापडला.

पुढच्या रविवारी मॅडम आमच्या घरी उमरीला आल्या. मलाही त्यांनी मुद्दाम लातूरहून बोलावून घेतलं होतं.

“सर, सूक्ष्मदर्शकाखाली दोन गाठी सारख्याच भयंकर दिसू शकतात,” त्या बाबांना म्हणाल्या. “पण जिच्या या जनुकात बदल असतो, ती बहुधा सावकाश वाढते आणि उपचारांना जास्त दाद देते. तुमची तशी होती. मला ते ठाऊक नव्हतं, आणि तरी मी वर्ष सांगून बसले.”

“तवा तपासणीच नव्हती, मॅडम. तुमचा काय दोष?”

“तपासणी नव्हती, तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला हवं होतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुझं शिक्षण माझ्या शब्दानं थांबलं. मला माफ कर.”

एवढ्या मोठ्या डॉक्टर माझी माफी मागत होत्या. आईनं घाबरत विचारलं, “मंग आता बरं झालं म्हणायचं न्हाई का?”

“नाही ताई. ती परत येऊ शकते. कधी, ते कुणालाच सांगता येणार नाही.”

तोवर आमच्या भीतीला निदान एक मुदत होती, मागे टाकलेली का होईना. त्या दिवशी तीही गेली. तरीही आईनं मॅडमना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मॅडम मूळच्या बिलोलीच्या, त्यांच्या घरातल्या पहिल्या डॉक्टर. निघताना त्यांनी माझे बारावीचे मार्क विचारले. महिन्याभरात त्यांनी माझ्या नवऱ्याशी दोनदा फोनवर बोलून मला लातूरला लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला बसवलं. आज मी लातूरच्या एका लॅबमध्ये काम करते आणि आमच्याकडच्या मेंदूच्या गाठींचे पातळ काप लावलेल्या काचा मॅडमकडे नांदेडला पाठवते.

गेल्या वर्षी माहूरच्या एका बाईंची गाठ काचेवर सौम्य दिसत होती. त्यांचा मुलगा रोज मॅडमना विचारायचा, “सौम्य हाय ना? मग लिहून द्या की, आईला घरी न्यायचंय.” जनुकांचा निकाल येईपर्यंत मॅडमनी सही केली नाही. या गाठीत आयडीएचचा बदल नव्हता. उलट टर्ट या दुसऱ्या जनुकात घातक बदल होता. वरून शांत दिसणारी गाठ सर्वांत आक्रमक जातीची निघाली. मॅडमनी मुलाला समोर बसवून उपचार लगेच सुरू करायला सांगितले. त्यानं किती दिवस, ते विचारलं. “ते मला माहीत नाही,” असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या दिवशी काचा द्यायला मी स्वतः नांदेडला गेले होते, शेजारीच उभी होते.

दोन वर्षांपूर्वी बाबांची गाठ परत आली. दुसरं ऑपरेशन झालं. आता बोलता बोलता त्यांना शब्द सापडत नाहीत, पण ते रोज पेपर वाचतात. या महिनाअखेरीस पुन्हा एमआरआय आहे. आई आत्तापासून नीट जेवत नाही, आणि मीही नाही.

मॅडमनी साठी पूर्ण केली. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, त्यांची नजर आणि हात असेच स्थिर राहावेत, ही आमच्या सगळ्या घराची प्रार्थना. तिच्यात आमचा स्वार्थ आहे, हे कबूल करते. बाबांचा पुढचा रिपोर्ट जो काही येईल, तो मला मॅडमच्याच तोंडून ऐकायचा आहे.