मिठाचा पांढरा

कच्छच्या रणात उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी आम्ही गडद कपडे घालून उभे राहतो. पांढऱ्या शर्टाची चमक मिठाचा उजेड मोजणाऱ्या आमच्या यंत्रात जाते, मोजमाप बिघडतं. जुना आणि नवा, दोन्ही उपग्रह त्याच मिठाकडे बघतात. मीठ बदलत नाही. जुन्याची नजर मात्र मंदावत जाते, आणि त्याचं त्याला कळत नाही. नव्याशी ताडून त्याच्या चित्रांना दुरुस्ती लावायची, यातच माझी नोकरी सरत आली. आता कंटाळा येतो.

यंदा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर सकाळी स्वयंपाकघरात बसून मी आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहिला. डाव्याला पिवळट दिसणारी भिंत उजव्याला पांढरी दिसत होती. मग ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. डाव्याला ती नेहमीसारखीच दिसली. उजव्याला तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, ओट्यावर टेकवलेला हात दिसला. ती किती दमली होती.

"काय बघताय असं?"

"डोळे ताडून बघतोय."

"मग कुठला खरा?"

"नवा," मी म्हटलं. "तू बस जरा. चहा मी करतो."

"आता?" ती म्हणाली. "झालासुद्धा."