विसाजीपंतांचा उघड नकार

शिसवी सोंगट्या, त्या ओवायची सुताची दोरी, काजळाची शाई आणि बोरूच्या लेखण्या हे सारे पुण्याच्या सरकारचे इंग्रजी दुभाषी विसाजीपंत यांनी स्वतःच्या हातांनी केले. सोंगट्या सागवानी असल्याचे पेठेत सांगतात, ते चूक आहे.

आज पंतांची साठी. त्यांच्याकडे मी प्रथम गेलो तो त्यांच्या एका भाषांतरातली चूक काढायला. इंग्रजी मी कुणाकडे शिकलो नव्हतो. संगमावर राहणाऱ्या इंग्रज वकील साहेबांच्या तबेल्यात कान देऊन मिळवले होते. पंतांनी माझे शांतपणे ऐकून घेतले आणि ते इंग्रजी वाक्य शब्दांच्या क्रमाने सोंगट्यांत ओवलेली दोरी पुढे ठेवली. काळी सोंगटी म्हणजे शब्द, तांबडी म्हणजे नकार.

"ही कोरी कशाची?"

"इंग्रज बोलताना 'की' गिळतो, गोपाळराव. गिळलेल्यालाही जागा ठेवावी लागते."

"आणि तांबडी इतकी अलीकडे?"

"आपला नकार शेवटी येतो, तोवर ऐकणारा निम्मा खूश झालेला असतो. इंग्रज आधीच देऊन मोकळा होतो."

पुढे साहेबांनी नव्या तबेल्यासाठी सगुणाबाई माळणीची पेरूची बाग मागितली. ती द्यायची नाही, हे सरकारात ठरलेले होते. पण कारभारी पुण्याच्या रीतीने हसून म्हणाले, "विचार करू." पंतांनी साहेबांना इंग्रजीत सांगितले, "नाही." तेवढे इंग्रजी कारभाऱ्यांनाही येत होते.

"अहो पंत, आम्ही नाही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत. ठरवलंत."

"मग आपण कशाला म्हणायचं?"

"उद्या कुदळी घेऊन मजूर बागेत शिरले, तर सगुणाबाईंना आपण समजावणार का?"

बाग वाचली, पंतांची चाकरी गेली. त्यांच्या जागी आलेला तरतरीत दुभाषी शब्दाला शब्द देणारा. साहेबांनी सहज कारभाऱ्यांची पांढरी घोडी मागितली. कारभारी हसून म्हणाले, "विचार करू." दुभाष्याने ते शब्दशः सांगितले आणि साहेबांना तो होकार वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा मोतद्दार आभाराचा निरोप घेऊन आला आणि घोडी सोडून घेऊन गेला. दुपारपर्यंत कारभाऱ्यांनी घोडी परत आणवली, आणि पंतांनाही.

सगुणाबाई दर हंगामात पेरूंची टोपली पाठवतात. पंत त्यातली अर्धी माझ्या घरी पोचवतात. पिकलेले पेरू मात्र स्वतःकडे ठेवतात, हेही नोंदवले पाहिजे.

ईश्वर पंतांना उदंड आयुष्य देवो, आणि पेरू खाण्यापुरते दात शेवटपर्यंत शाबूत ठेवो.

एक गोष्ट पंत स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. चाकरी गेली होती त्या दिवसांत साहेबांनी त्यांना संगमावर बोलावले होते. काम दुभाष्याचेच, फक्त बसायचे साहेबांच्या बाजूला. पंत गेले नाहीत. देऊ केले होते दरमहा दीडशे रुपये, पालखीचा खर्च वेगळा.