सत्तेचाळीस नंबरची हजेरी

सत्तरच्या दशकात, वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, मी एकटाच दोन माणसं होतो. पहिला मी, समुद्रपूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, रोल नंबर सेहेचाळीस. दुसरा माझा खोलीतला सोबती, अल्लीपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, रोल नंबर सत्तेचाळीस. ते कसं, ते सांगतो.

नकला करणं हा माझा जन्मजात उद्योग. लहानपणी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकलांपायी मार खाल्ला आणि कॉलेजात त्याच नकलांवर टाळ्या घेतल्या. सोबत्याची नक्कल तर फार सोपी. सगळा वर्ग 'येस सर' म्हणायचा. हा घशात थोडी खरखर ठेवून, लाजत, 'हाजर जी' म्हणायचा. मागच्या बाकांवर हशा पिकायचा.

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला. सीतादहीच्या पूजेला शेतात दहीभात शिंपडला की वेचणी सुरू व्हायची आणि आमच्या वर्गातून शेतकऱ्यांची पोरं गळायची. मागे उरलेल्यांनी त्यांची हजेरी द्यायची, हा आमचा रिवाज. कारण हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म अडकायचा. पंधरा दिवसांत येतो, तोवर सांभाळून घेजो, असं सांगून तो गेला.

प्राध्यापक रजिस्टरातून मान वर काढत नसत. सेहेचाळीसला मी 'येस सर' म्हणायचो, मान खाली घालायचो आणि सत्तेचाळीसला 'हाजर जी'. पंधरा दिवस गेले, महिना गेला. वेचणी लांबली असेल म्हणून मी एक कार्डसुद्धा टाकलं नाही. खरं म्हणजे तो लवकर येऊच नये असं वाटत होतं, इतका खेळ रंगला होता. एके दिवशी मी त्याला सर्दी आणली. एकदा तर त्याच्या आवाजात प्रश्नाचं उत्तरही दिलं. प्राध्यापक खूश झाले. सत्तेचाळीस आता बोलायला लागला, म्हणाले. वर्गाने बाकांखाली टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शिपाई मला बोलवायला आला. ऑफिसच्या व्हरांड्यात सोबत्याचे वडील बसले होते. धोतर, टोपी, शेजारी आमच्या खोलीतून आणलेली त्याची पत्र्याची पेटी. मुलाचा मॅट्रिकचा दाखला न्यायला ते आले होते. ताप डोक्यात जाऊन मुलगा गेला, त्याला तेवीस दिवस झाले होते. ऑफिसात त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा प्राध्यापकांनी अगदी चांगल्या मनाने रजिस्टर उघडून दाखवलं: काहीतरी गफलत होतेय, तुमचा मुलगा काल माझ्या तासाला होता.

स्वतःच्या हाताने अग्नी दिलेला माणूस. तरी त्यांनी मला विचारलंच.

"बापू, मास्तर म्हणते काल होता. तू तं त्याच्या खोलीतला. होता का?"

त्या विचारण्यात इतकी आशा होती की थाप मारावीशी वाटली. पण मी सगळं सांगितलं. थप्पड बसेल म्हणून गालही तयार ठेवला. ते बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले.

"मले आयकव," ते म्हणाले. "एकडाव."

माझ्या उभ्या आयुष्यात मला असा प्रेक्षक मिळाला नव्हता, आणि पुढेही मिळाला नाही. घशात ती खरखर आणून मी 'हाजर जी' म्हणालो. आवाज निघाला तो इतका हुबेहूब, की मीच दचकलो. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"जेवला का रे?" त्यांनी विचारलं. मला नव्हे.

"जेवलो," तो म्हणाला.

ते डोळे मिटूनच थांबले. पुढे एक शब्द यायचा होता. मुलगा बापाला हाक मारतो तो. बा म्हणायचा, की बाबा, की दादा? चार महिने एका खोलीत राहून, एका ताटात चिवडा खाऊन, मी त्याला घरच्यांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. अंदाजाने एक शब्द टाकून पाहावा, एवढी हिंमत माझ्यासारख्या नकलाकाराचीही झाली नाही.

त्यांनी डोळे उघडले आणि समोर मी होतो.

पेटी मी उचलली. स्टँडपर्यंत आम्ही बरोबर चाललो, वाटेत ते यंदाच्या कापसाबद्दल बोलले. तेवढ्या वाटेत तो शब्द विचारता आला असता. मी विचारलं नाही. अल्लीपूरची बस आली, मी पेटी त्यांच्या पायाशी सरकवली आणि खाली उतरलो. अजूनही कधीमधी घशात ती खरखर येते आणि 'जेवलो' म्हणून तिथेच अडते.