नीळ लावलेली बोटं

मेजर दुकानात आले की मलमाची ट्यूब आधी उजेडात धरायचे. तारीख वाचायचे, टोपण काढून वास घ्यायचे आणि मग विचारायचे, "ह्ये असली हाय, कशावरनं?"

तुमच्याही गावात असा एखादा मेजर असेल. आमच्याकडे सैन्यातून परतलेला प्रत्येक जण मेजरच; हे खरे तर हवालदार. विट्यात माझ्या औषधांच्या दुकानाला लागून बँक आहे, तिच्या दारात ते बंदूक घेऊन बसत. संशय घेणं हे त्यांचं कामच होतं, पण बंदूक जमा करून घरी जाताना ते संशय बरोबर नेत.

त्यांच्या पायांना इसब झाला होता. डॉक्टरांनी 'इसब' म्हणताच या गृहस्थांनी चार दिवस इसबगोल पिऊन पाहिलं. "नाव तर त्येच हाय की!" म्हणाले. मी हसलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दिवसा खाज दबून असायची. अंथरुणाची ऊब लागली की उसळायची. रात्री झोपेचं खोबरं, मग दुपारी पहाऱ्यावर डुलकी. मॅनेजरनी एकदा पकडलं आणि बजावलं, पुन्हा झोपलेले दिसलात तर दुसरा माणूस बघावा लागेल. सीमेवर रात्री जागून काढलेल्या माणसाला ते फार लागलं.

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. कढत पाणी नको, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोळा, चट्ट्यांवर मलम लावा, नखं कापा. मेजर मलम मोहरीएवढं लावत.

"लय लावलं की कातडं पातळ हुतं म्हनं. आनि मी खाजवतोय कुटं? झोपंतबी हाताला शिस्त हाय माज्या."

खरा संशय बायकोवर होता. "साबन बदललाय तिनं. इचारलं तर न्हाई म्हनती. सकाळी माजी मनगटं दुखत्यात. कायतरी करतीया ती, गड्या."

या संशयाला मीही हातभार लावला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, एकदा एकट्याच येऊन झोपेची गोळी मागत होत्या. चिठ्ठीशिवाय मी दिली नाही, ते बरोबरच केलं. पण वर मेजरच्या कानावरही घातलं. मेजर हळूच म्हणाले, "बगितलंस?"

या सगळ्याला कंटाळून मी एकदा चेष्टेत म्हटलं, "आवं मेजर, कपड्याची नीळ जेलीत कालवून बोटांना लावा आणि झोपा. पाय निळे झाले तर तुमीच खाजवताय."

त्यांना चेष्टा कळत नसे. दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर मेजर हजर. त्यांनी विजार वर ओढली. पोटरीवर दोन-चार निळे ओरखडे होते. मी जिंकल्यासारखा हसलो, पण ते हसले नाहीत.

"तिचं दोनी तळवं निळं हायेत," ते म्हणाले.

मला काही उमगेना.

"मी खाजवाय लागलो की माजी बोटं, मनगटं धरून बसती. पार उजाडंस्तवर. साताठ म्हैनं झालं. मी म्हनलो, मग सांगितलं का न्हाईस? तर म्हनली, तुमी इस्वास ठेवला असता व्हय?"

मेजर बाकावर बसले. "साबनावरनं लय बोललो रं तिला."

ती गोळी काकींना मेजरला शांत झोप लागावी म्हणून हवी होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी मेजरनी मलम किती लावायचं ते माझ्या बोटावर मोजून घेतलं. महिन्याभरात चट्टे निवळले. नोकरीही टिकली. करार संपल्यावर मात्र दोघं खंडाळ्याकडे आपल्या गावी गेले. निघण्याआधी जेली घ्यायला काकीच आल्या.

"आता झोपतात ना मेजर?" मी विचारलं.

"घोरत्यात. मलाच जाग येती. त्यंचा हात चाचपून बगती, तर त्यो गप निजल्याला असतोय." काकी हसल्या. "मग मीबी निजती."